राक्षस काळाच का?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ‘मी आर्ट्सला जाणार, म्हणजे कलाशाखेला,’ असे घरी सांगितले तेव्हा बाबांना वाटले, पोरगी आता रीतसर चित्रे काढायला शिकणार. प्रत्यक्षात कलाशाखेत कला सोडून सगळे आहे. इतिहास आहे, अर्थशास्त्र आहे, मराठी आहे. बाबांना हे समजावता समजावता माझे एक वर्ष गेले. चित्रे मी घरीच काढते, तीही रात्री, जेवणे उरकून भांडी घासून झाल्यावर. आणि ती चित्रे कोणाची? तर जे कोणी कधी पाहिलेले नाहीत त्यांची. समुद्राखालच्या राण्या, उडणारे सरदार, वेताळ, चेटकिणी. ‘असली माणसे आहेत कुठे?’ असे आई विचारते. या लेखात मला सांगायचे आहे ते थोडेसे याच प्रश्नाचे उत्तर आहे.

माझ्या चित्राची पद्धत आधी सांगते, कारण पुढचे सारे तिच्यातूनच निघाले. आपण एरवी पांढऱ्या कागदावर काळी रेघ ओढतो. मी काळ्या पाटीवर पांढरी रेघ काढते. जाड पुठ्ठ्यावर पांढऱ्या मातीचा गुळगुळीत लेप असतो आणि त्यावर काळ्या शाईचा थर. टोकदार हत्याराने शाई खरवडली की खालचे पांढरे उघडे पडते. याला इंग्लंडात स्क्रॅपर बोर्ड म्हणतात, अमेरिकेत स्क्रॅच बोर्ड. मेणखडूने रंगवलेल्या कागदावर काळा रंग फासून तो कंपासच्या टोकाने खरवडण्याचा खेळ शाळेत आपण सगळ्यांनीच खेळला आहे. त्याचाच हा शिकलासवरलेला थोरला भाऊ.

तयार बोर्ड बाहेरदेशीचा, आणि मला न परवडणारा. म्हणून मी घरी बनवते. खडूची बारीक पूड आणि फेव्हिकॉल पाण्यात कालवायचे, पुठ्ठ्यावर पाच-सहा हात द्यायचे, प्रत्येक हात पुरता वाळू द्यायचा, मग बारीक पॉलिश पेपरने घासून काचेसारखे करायचे आणि वर वॉटरप्रूफ काळ्या शाईचे दोन हात. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही लेप द्यावा लागतो, नाही तर तो वाळताना सुकटीसारखा आखडतो. ही अक्कल मला तीन पुठ्ठे वाया गेल्यावर आली. हत्यार म्हणजे बांबूच्या काडीत बसवलेली शिवणाची सुई, अर्धे ब्लेड आणि कंपास. एवढ्यावर केसन् केस निघतो.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकात युरोपात निघाली. लाकडावर कोरून ठसे करण्याचे काम वेळखाऊ होते, त्याला ही स्वस्त आणि झटपट सोय सापडली. वर्तमानपत्रांच्या छपाईत काळे आणि पांढरे एवढेच नीट उठत असे. करडी छटा दाखवायची तर बारीक रेघांची दाटी करायची, आणि ती दाटी या बोर्डावर फार सुंदर जमते. म्हणून जाहिरातींत आणि गोष्टींच्या मासिकांत ती पुष्कळ वापरली गेली. अमेरिकेत व्हर्जिल फिनले नावाचा चित्रकार होऊन गेला. भुताखेतांच्या आणि परग्रहांच्या कथांसाठी त्याने या पद्धतीने चित्रे केली. त्यातली एकेक छटा ठिपक्याठिपक्याने रचलेली. तो १९७१ साली वारला. त्याच वर्षी आपले दीनानाथ दलालही गेले. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून ज्यांच्या नायिका घरोघर पोचल्या, ते दलाल.

पण वरचा थर खरवडून खालचा दाखवायचा, ही युक्ती परदेशातून यायची आपण वाटच पाहिली नव्हती. गोव्यात, सिंधुदुर्गात आणि खाली कारवारकडे जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे आहेत. शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या कावेचा थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने कोरून काढलेले देव, पशू, पक्षी, वेलबुट्टी. माझ्या पाटीत आणि त्या भिंतीत फरक एवढाच, की तिथे तांबडे आहे आणि इथे काळे. ते कोरणारे हात कोणाचे होते, त्यांची नावे भिंतीवर नाहीत. ते कॉलेजात गेलेले नसणार, हे मात्र नक्की.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

मी चौथीत असताना शाळेच्या संमेलनात रामायणावरचे नाटुकले बसवले होते. बाईंनी वर्गावरून एकदा नजर फिरवली आणि भूमिका वाटल्या. सीता कोण, ते सर्वांना आधीच ठाऊक होते. वर्गातली सगळ्यांत गोरी मुलगी. मग माझ्याकडे बोट आले, ‘तू शूर्पणखा हो. तुला फारसे रंगवायलाही नको.’ सगळे हसले. खरे सांगायचे तर मीही हसले. बाई मनाने वाईट नव्हत्या, त्यांनी मला पुढे खूप पुस्तके दिली. म्हणूनच ती गोष्ट अधिक लागते. वाईट माणसाचे बोलणे विसरता येते. चांगल्या माणसाच्या तोंडून सहज निघालेले वाक्य विसरता येत नाही, कारण ते त्याचे एकट्याचे नसते, सगळ्या गावाचे असते.

पुढे मी चित्रे काढू लागले. गावात एका ओळखीच्यांकडे जुन्या ‘चांदोबा’च्या अंकांचा गठ्ठा होता. मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली सुरू झाला. त्यातली विक्रम-वेताळाची चित्रे शंकर या सहीने येत. ते चित्रकार २०२० साली वारले. तलवार उपसून खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला राजा, मागे झाडे, कवट्या, आणि साऱ्या चित्रभर रेघांचे जाळे. ती चित्रे बघून बघून माझा हात बसला. पण हात बसताना त्याबरोबर आणखीही काही बसत असते. राजकन्या काढायची झाली की माझी सुई आपोआप सरळ नाक, पातळ ओठ आणि गोरा चेहरा काढी. चेटकीण किंवा राक्षसीण काढायची झाली की तीच सुई रुंद नाक, जाड ओठ आणि काळा रंग काढी. मला कोणी असे शिकवले नव्हते. मी कधी विचारही केला नव्हता.

गेल्या वर्षी मी एक मोठे चित्र करायला घेतले. खाडीच्या तोंडाशी राहणारी, बुडालेल्या होड्यांवर राज्य करणारी म्हातारी चेटकीण. चेहऱ्याला नमुना हवा होता. आमची आजी अंगणात जवळा निवडत बसते, तिचा चेहरा घेतला. सुरकुत्या, कानांच्या ओघळलेल्या पाळ्या, उन्हाने काळवंडलेले कपाळ, सगळे हुबेहूब. पंधरा-सोळा रात्री लागल्या. शेवटी तोंडात दोन्ही बाजूंना दोन सुळे काढले, कारण चेटकीण म्हटली की सुळे हवेतच.

आजीला वाचता येत नाही, पण चित्र बरोबर वाचता येते. तिने पाटी हातात घेतली, उजेडाकडे तिरपी धरली आणि म्हणाली, ‘आगो, ही तं मीच!’ मग थोडा वेळ थांबून अगदी साधेपणाने विचारले, ‘मी तुला कवा चावली गो?’

ती हसत होती. मला मात्र हसता आले नाही. चौथीतल्या बाईंनी मला जे दिले होते तेच मी जसेच्या तसे आजीला दिले होते, आणि त्यावर पंधरा-सोळा रात्री खपले होते.

वाचक म्हणतील, यात एवढे काय मनाला लावून घ्यायचे? काळोखाची भीती माणसाला आदिकाळापासून आहे. राक्षस रात्री येतो म्हणून तो काळा, त्याचा माणसाच्या कातडीशी काय संबंध? माझ्या एका मैत्रिणीने हेच म्हटले, आणि तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण मग रात्र आम्हांला तरी इतकी भीतीची कुठे आहे? बाबा खलाशी म्हणून दुसऱ्याच्या होडीवर जातात. रात्र ही त्यांची कामाची वेळ. पहाटे काळोखात होडीचा दिवा दिसतो आणि घरातल्या माणसांचा जीव खाली पडतो. काळोखातून येणारा चेहरा आमच्याकडे राक्षसाचा नसतो, घरच्या माणसाचा असतो. आणि काळा रंग फक्त रात्रीचा असेल, तर रुंद नाक आणि जाड ओठ कोठून आले? रात्रीला तर नाक नसते.

शिवाय आपल्याच जुन्या गोष्टी पाहा. महाभारतात द्रौपदीचे एक नाव कृष्णा आहे, कारण ती वर्णाने काळी होती. महाभारत रचणारे व्यासही कृष्णद्वैपायन, म्हणजे काळेच. राम सावळा, कृष्ण सावळा, आणि पंढरपूरचा विठोबा तर काळ्या दगडाचा. ज्या लोकांनी आपल्या देवांना हा रंग दिला, त्यांच्याच नातवंडांना हा रंग राक्षसाचा कधीपासून वाटू लागला? मला वाटते, यात छापील चित्राचाही वाटा असावा. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. तेथून देवदेवतांची रंगीत चित्रे घराघरांत गेली. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्याही भिंतीवर देव आले, हे केवढे मोठे काम! पण त्या चित्रांतल्या नायिका बहुतेक गोऱ्या. पुढच्या कॅलेंडरवाल्यांनी तेच गिरवले. राम-कृष्णांना निळा रंग देऊन वाट काढली आणि काळा रंग राक्षसांसाठी राखून ठेवला. चित्र घरात रोज दिसते, ग्रंथ कोणी रोज उघडत नाही. मग चित्राचेच खरे होते.

या गुंत्यातून मला बाहेर काढले ते माझ्या काळ्या पाटीने. कागदावर चित्र काढताना चेहरा काळा करायचा तर त्यावर रेघा चढवाव्या लागतात, जणू चांगल्या-भल्या कागदाला काही लागले आहे. पाटीवर उलटे आहे. तिथे काळा हा डाग नव्हे, ती जमीन आहे. आजीचा चेहरा काढताना मला फार थोडे खरवडावे लागते. कपाळावर उजेडाचा पट्टा, गालाच्या हाडावर थोड्या आखूड रेघा, नाकाच्या दांड्यावर एक, खालच्या ओठाची कड आणि डोळ्यात एक ठिपका. बाकीचा चेहरा पाटीतच असतो, तो आपण फक्त मोडायचा नसतो. पण हे थोडे फार कठीण असते. एक रेघ जास्त झाली की गाल पांढरा पडतो आणि माणूस निघून जातो. गेलेला काळा परत येत नाही. वर शाई लावता येते, पण खालची चर बुजत नाही आणि त्या जागी सुई पुन्हा पहिल्यासारखी चालत नाही.

हे पडताळून पाहायला मी मुद्दाम एक गोरा माणूस काढायला घेतला, आणि तो शोधायला मला लांब जावे लागले नाही. आमच्या रेवदंड्यात हायस्कूलच्या आवारात अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. १४६९ च्या सुमारास तो होर्मुझहून एक घोडा घेऊन जहाजाने चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामा येण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी. त्याने आपल्या प्रवासाची हकिकत लिहून ठेवली आहे. तीत तो सांगतो, की इथली माणसे सगळी काळी आहेत, अंगावर कपडे थोडे आहेत, आणि मी जाईन तिथे लोक माझ्यामागून येतात, गोऱ्या माणसाचे त्यांना नवल वाटते.

हे वाचून मला केवढी गंमत वाटली! म्हणजे साडेपाचशे वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावर अद्भुत प्राणी तो होता. गुटगुटीत काळी पोरे त्याच्यामागून धावत असतील आणि कोणी म्हातारी म्हणत असेल, हा कोण बाई वेताळ आला! त्याच हकिकतीत तो रात्री उडणाऱ्या गुकुक नावाच्या एका पक्ष्याची गोष्ट सांगतो. ज्याच्या घरावर तो बसेल तिथे मृत्यू येतो, आणि त्याला मारायला गेले तर त्याच्या तोंडातून आग निघते. माकडांचा राजा आणि त्याची फौज हीही त्यात आहे. परका मुलूख दिसला की माणसाला त्यात राक्षस आणि नवलाई दिसू लागते. राक्षस म्हणजे बहुधा आपण ज्याला नीट ओळखत नाही तो.

तर निकितीन काढायला मी घेतला. दाढी मजेत झाली, पण चेहऱ्याने मला रडवले. गोरा चेहरा म्हणजे जवळजवळ सगळी शाई काढायची. बोटांना घट्टे पडले, आणि एवढे करून चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा सपाट दिसू लागला. मग रेघा आखूड करून, मध्ये काळे राखत राखत तो जागेवर आणला. तेव्हा कळले, की गोऱ्या चेहऱ्यालाही जिवंतपणा येतो तो राखलेल्या काळ्यामुळेच. हा सिद्धांत नाही, माझ्या बोटांचा अनुभव आहे.

आपल्या मुलखात अद्भुताची वाण नाही, हेही मला यानिमित्ताने दिसले. खाडी ओलांडून कोर्लईवरून मुरुडला जा. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजापाशी दगडात शरभ कोरलेला आहे. सिंहासारखा एक प्राणी, त्याने पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेले. पुढे तळकोकणात आरवलीला वेतोबा आहे. वेताळच तो, पण लोक त्याला भिऊन पळत नाहीत. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून त्याला भल्या मोठ्या नव्या चपला वाहतात. भुताच्या पायांची काळजी करणारी ही माणसे! आमच्या वर्गातली चित्रे काढणारी मुले मात्र परदेशी सिनेमातले टोकदार कानांचे धनुर्धारी काढतात. ते चांगले काढतात, त्यांच्या हाताला मी नावे ठेवत नाही. पण त्यांच्या शंभर चित्रांत एकही चेहरा एस.टी.त शेजारी बसणारा नसतो, आणि शेजारी बसणारा सापडलाच तर तो राक्षसाच्या फौजेत.

एका मित्राने मला त्याच्या मोबाईलवर दाखवले. ‘समुद्राची राणी’ एवढे लिहिले, आणि यंत्राने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चित्र काढून दिले. खवले, मोती, लाटा, सगळे अगदी बारकाईने. राणी मात्र गोरीपान आणि सोनेरी केसांची. तो म्हणाला, ‘तू पंधरा रात्री कशाला घालवतेस?’ मी म्हटले, ‘यंत्राने जगभरची चित्रे पाहिली असतील, आमची आजी पाहिलेली नाही.’ यंत्रावर मी रागावत नाही. चौथीतल्या बाईंनी जे पाहिले होते तेच त्यानेही पाहिले असावे. पण माझी सुई चुकली तेव्हा मला कोणीतरी विचारले, मी तुला कधी चावले? यंत्राला असे विचारणारी आजी कुठून आणायची?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. अद्भुत पात्रांची चित्रे हा रिकामटेकडा उद्योग नव्हे. ज्याला आपण राजा करतो आणि ज्याला राक्षस करतो, त्यात आपण कोणाला माणूस मानतो ते कळते. खऱ्या माणसाचे चित्र काढताना नाक आहे तसेच काढावे लागते. कल्पनेतल्या पात्राला मात्र कोणते नाक द्यायचे हे सर्वस्वी आपल्या हाती असते, आणि म्हणून त्याची जबाबदारीही आपलीच. काळे राक्षस काढूच नयेत असे मी म्हणत नाही. काढावेत, पण काळ्या राण्याही काढाव्यात, गोरे राक्षसही काढावेत, आणि सुळे बसवण्याआधी एकदा स्वतःला विचारावे, हा चेहरा मी कोणाचा घेतला? संमेलनात भूमिका वाटणाऱ्या गुरुजनांनाही माझी हीच नम्र विनंती आहे. सीतेची भूमिका पाठांतर आणि अभिनय बघून द्या, रंग बघून नको.

आणि बाबांसाठी आणखी एक. कलाशाखेने मला चित्र शिकवले नाही हे खरे. पण निकितीन मला इतिहासाच्या तासाला भेटला आणि द्रौपदीचे खरे नाव मराठीच्या. त्यामुळे फी अगदीच वाया गेलेली नाही.

आजीच्या चित्राचे पुढे काय झाले, ते राहिले. त्या सुळ्यांवर मी शाई फिरवली. समोरून पाहिले तर आता ते दिसत नाहीत. आजी आहे, डोक्यावर प्रवाळांचा मुकुट आहे, मागे बुडालेल्या होड्या आहेत. चेटकिणीची मी राणी केली. पण पाटी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली, की शाईखालच्या त्या दोन चरा अजून दिसतात. नवे चित्र काढून ही पाटी टाकून द्यावी, असे मनात आले होते. आजीनेच ती टाकू दिली नाही. तिने ती देवळीशेजारी खिळ्याला टांगली आहे आणि आल्यागेल्याला ती अभिमानाने दाखवते. तिरपी धरून मात्र कोणाला दाखवत नाही.

(द्वितीय वर्ष कला)